पाच मिनिटांत सोडतो बाई

घोलप बाई स्वतःच्या सत्कारातून उठून निघून गेल्या.

असं काही झालंच नाही, हे चिंचणमाळ गावाच्या वतीनं मी आधीच स्पष्ट करतो. सत्कार उत्साहात पार पडला. पेपरात तसं छापून आलं. फोटोत प्रमुख पाहुणे ज्या खुर्चीच्या पाठीवर शाल पांघरताना दिसतात त्या खुर्चीत कुणी दिसत नाही, तो छपाईचा दोष आहे, असं आमचे आप्पा अजून सांगतात. आप्पा म्हणजे माझे वडील आणि तेव्हाचे शाळा व्यवस्थापन समितीचे अध्यक्ष. त्यांच्यासमोर तो विषय काढायचा नाही. मीही काढत नाही, फक्त लिहितो.

तर जे झालंच नाही, ते असं झालं.

"आप्पा, मला साडेतीनची एसटी मिळायलाच पाहिजे," घोलप बाई स्टेजवरून वाकून म्हणाल्या.

"पाच मिनिटांत सोडतो बाई," आप्पा खालून म्हणाले.

"हे तुम्ही अकरा वाजताही म्हणालात."

"आन् आता बी तेच म्हणतोय. माणसानं शब्द बदलू नये."

फेब्रुवारीतला शनिवार होता. शाळेच्या पटांगणात मांडव घातला होता आणि मांडवात सगळं गाव घाम पुसत बसलं होतं. बाईंच्या वर्गातली पाच पोरं शिष्यवृत्तीत आली होती. त्याआधी आमच्या गावाचं नाव तालुक्यात फक्त शर्यतीच्या बैलांनी काढलं होतं. म्हणून पालकांनी ठरवलं, बाईंचे आभार मानायचे. कसे मानायचे यावर मीटिंग झाली. त्यात माझी आई म्हणाली होती, बाईंनाच विचारू की त्यांना काय आवडेल. त्यावर सगळे हसले होते. सत्कारमूर्तीला विचारून कुणी सत्कार करतं का.

मी त्या वर्षी बारावीला रसायनशास्त्रात नापास होऊन घरी होतो, म्हणून स्टेजमागचा जनरेटर माझ्याकडं दिला होता. आमच्याकडं नापास माणसाला यंत्र देतात आणि पास माणसाला माईक. दुपारी गावात वीज नसायची, पेट्रोल पंप थेट तालुक्याला, त्यामुळं गावातल्या झाडून सगळ्या मोटारसायकलींचं पेट्रोल काढून त्या जनरेटरमध्ये ओतलं होतं. म्हणजे बाईंचा सत्कार होईपर्यंत चिंचणमाळमधून कुणालाही कुठंही जाता येणार नव्हतं, बाईंना धरून.

बाईंनी खुर्ची थोडी मागं सरकवली आणि पडद्याच्या फटीतून मला हळूच हाक मारली. चौथीत त्या मला अशाच हाक मारायच्या. मी काही केलेलं नसताना.

"हर्षवर्धन, तू तरी सांग रे आप्पांना. पाचला केतकीच्या शाळेत निरोप समारंभ आहे. दहावीचा."

केतकी म्हणजे बाईंची मुलगी. ती तालुक्याच्या शाळेत होती.

"सांगितलं बाई. त्यांनी मला बर्फ आणायला पाठवलं."

"त्यांच्या शाळेत पद्धत आहे. दहावीच्या मुलांच्या आयांनी स्टेजवर जाऊन वर्गशिक्षिकेबद्दल दोन वाक्यं बोलायची. दोनच. मी एकाही पालकसभेला गेले नाहीये. त्यांची सभा असते तेव्हा मी इथं तुमच्या पालकांची सभा घेत असते."

"मग आजचं चुकवायचं नाही."

"तेच म्हणते मी."

"बाई, तुम्ही सरळ उठा आणि चला."

"असं कसं उठू," बाई म्हणाल्या. "लोकांनी एवढं प्रेमानं केलंय."

हे वाक्य त्या दिवशी ज्यानं त्यानं म्हटलं. ज्यांनी केलं त्यांनी तर सगळ्यात जास्त.

प्रमुख पाहुणे आले नव्हते. साहेबांना त्या दिवशी पाच कार्यक्रम होते आणि ते सगळ्या कार्यक्रमांना सारख्याच प्रेमानं उशीर करत होते. पाहुणे येईपर्यंत वेळ वाया जाऊ नये म्हणून तुकाराम बोराटेंनी बाकीचे सत्कार उरकायला घेतले. बोराटे आमच्या गावचे निवेदक. लग्न, शर्यत, दहावा, सगळीकडं तेच आणि आवाजही तोच. आधी मांडववाल्याचा सत्कार झाला. मग स्पीकरवाल्याचा. मग ज्या दुकानदारानं नारळ दिले होते त्याला त्याच्यातलाच एक नारळ देऊन त्याचा सत्कार झाला. फ्लेक्सवाल्याचा झाला. त्या फ्लेक्सवर बाईंचा फोटो होता, नव्हता असं नाही, पण आप्पांच्या मिशीच्या टोकाशी बोट ठेवून खाली उजवीकडं आलं की मग सापडायचा.

आणि हे सगळे सत्कार "घोलप बाईंच्या शुभहस्ते" होत होते. बाई उठायच्या, शाल घालायच्या, नारळ द्यायच्या, फोटोसाठी थांबायच्या, बसायच्या. स्वतःच्या सत्काराला आल्यापासून त्यांनी निम्म्या गावाचा सत्कार केला होता. माझाही केला, जनरेटर सांभाळल्याबद्दल. नारळ देताना त्या हळूच म्हणाल्या, "किती वाजले रे?"

"सव्वातीन."

"अभिनंदन," बाई म्हणाल्या, कारण फोटोवाला बघत होता.

मी नारळ जनरेटरवर ठेवून फाट्याकडं पळालो. एसटी उभीच होती. कंडक्टर म्हणजे येळावकर, गावचा जावई.

"बाई येतायत. जरा थांबवा."

"घोलप बाई? त्यांच्यासाठी थांबतो की. आमची मोठी त्यांच्याकडंच पाढे शिकली." येळावकरनं ड्रायव्हरला खूण केली. "हॉर्न मार रे, बाईंना कळू दे."

ड्रायव्हरनं हॉर्न मारला. जोरात आणि लांबलचक. चुकलं ते तिथं.

चिंचणमाळमध्ये दोनच गोष्टींचा एवढा मोठा हॉर्न वाजतो. एसटीचा आणि साहेबांच्या गाडीचा. मांडवात बोराटे गरजले, "आलेत, आलेत, ज्यांची आपण चातकासारखी वाट पाहत होतो ते आलेत." हलगी सुरू झाली. सगळं गाव उभं राहिलं. फेटेवाला, जो पाहुण्यांसाठी राखून ठेवला होता, त्याला आप्पांनी ओरडून सांगितलं, आधी बाईंना बांध, पाहुण्यांसमोर सत्कारमूर्ती बोडकी दिसायला नको. आणि बाई उठायच्या आत फेटेवाल्यानं त्यांचं डोकं ताब्यात घेतलं.

मला मांडवाच्या तोंडाशी गर्दीनं अडवलं. येळावकर माझ्या पुढं होता, बाईंना हाक मारायला म्हणून आत घुसला. हार घेऊन उभ्या असलेल्या पोरांना सकाळपासून एकच सांगितलं होतं, जो पहिला आत येईल त्याच्या गळ्यात घालायचा. त्यांनी घातला.

मग हलगी थांबली. येळावकर खाकी कपड्यात, गळ्यात पाच किलोचा हार, हातात तिकिटाचं मशीन.

पण हार एकदा पडला की काढता येत नाही. काढला तर अपमान. ज्याला हार पडला त्याला स्टेजवर न्यावं लागतं आणि स्टेजवर नेला की त्याला दोन शब्द बोलावे लागतात. ही आमच्याकडची राज्यघटनाच आहे म्हणा ना. बोराटेंनी क्षणभर विचार केला आणि म्हणाले, "गावचे जावई, परिवहन क्षेत्रातलं एक मोठं नाव, श्रीयुत येळावकर आपले मनोगत व्यक्त करतील."

येळावकरनं माईक घेतला. "बाई," तो म्हणाला, "गाडी सुटतीया."

प्रचंड टाळ्या पडल्या. लोकांना ते काहीतरी खोल वाटलं.

बाई उठू लागल्या तशी फेट्याची घडी सुटली आणि फेटेवाला कळवळला, "हलू नका ओ बाई, सगळं पयल्यापासनं करावं लागंल." आप्पा धावत स्टेजवर आले आणि हात जोडून बाईंच्या समोर उभे राहिले.

"बाई, साहेब खरंच फाट्याच्या अलीकडं आलेत. फोन आलाय. पाच मिनिटं. साहेब आले आन् सत्कारमूर्तीच न्हाई म्हटल्यावर मी तोंड कुठं दाखवू?"

बाईंनी आप्पांच्या तोंडाकडं पाहिलं. मग मांडवाकडं पाहिलं. पुढच्या रांगेत ती पाच पोरं नवे कपडे घालून बसली होती, एकाला झोप लागली होती. बाई बसल्या.

फाट्यावरून एसटी गेल्याचा आवाज सगळ्यांनी ऐकला. येळावकरला हारासकट तिच्यामागं पळावं लागलं.

साहेब आले नाहीत. पाच मिनिटांनी नाही, पंचवीस मिनिटांनीही नाही. बोराटेंनी बाईंच्या कार्याचा गौरव सुरू केला. म्हणाले, बाई म्हणजे मेणबत्ती, स्वतः जळून दुसऱ्याला उजेड देते. म्हणाले, अशी मेणबत्ती आपल्याला लाभली हे आपलं भाग्य. कुणीतरी मागून म्हणालं, "आरं मेणबत्तीला जरा पानी तरी द्या." आप्पांनी त्याला डोळ्यानंच दटावलं. कार्यक्रम चालू असताना स्टेजवर ग्लास गेला की फोटो खराब येतो.

तेव्हा बाई उठल्या.  मांडीवरचा नारळ खुर्चीत ठेवला, फेट्याचं सुटलेलं टोक खांद्यावर घेतलं आणि स्टेजच्या मागच्या बाजूनं, माझ्या जनरेटरशेजारून, खाली उतरल्या.

"मी चालत निघते," त्या मला म्हणाल्या. "हायवेला काहीतरी मिळेल."

"हायवे सात किलोमीटर आहे, बाई."

"मग लवकर निघायला हवं."

पहिल्यांदा त्या वाक्यात "लोकांनी प्रेमानं केलंय" नव्हतं.

मी जनरेटर बंद केला. टाकीत नळी घातली, तोंडानं ओढलं आणि सगळं पेट्रोल आप्पांच्या मोटारसायकलीत सोडलं. रसायनशास्त्रात मी नापास असलो तरी पेट्रोलची चव तेव्हापासून ओळखतो. माईक बंद पडला होता, पण बोराटे तसेच बोलत होते आणि लोक तसेच ऐकत होते. पुढं मला कळलं की बराच वेळ कुणाच्या लक्षातच आलं नाही. ना माईकचं, ना बाईंचं.

बाईंना मागं बसवून निघालो, तर फाट्याच्या वळणावर समोरून साहेबांची गाडी आली. काच खाली झाली. मागच्या सीटवर साहेब फोनवर बोलत होते. ड्रायव्हरनं विचारलं, "ताई, चिंचणमाळची शाळा कुठं आली?"

"सरळ जा, मांडव दिसेल," बाई मागून म्हणाल्या.

"कुणातरी गुरुजींचा सत्कार आहे ना तिथं?"

"गुरुजींचाच."

साहेबांनी फोनवर हात ठेवून बाईंच्या डोक्याकडं पाहिलं. फेटा एका बाजूला कललेला, सुटलेलं टोक वाऱ्यावर. "छान बांधलाय हो फेटा. लग्नाला का?"

"घरचंच कार्य आहे," बाई म्हणाल्या, आणि माझ्या खांद्यावर थाप मारली. मी गाडी सोडली.

वाटेत बाई काहीतरी पुटपुटत होत्या. मला वाटलं मला बोलतायत. "काय म्हणालात?" मी विचारलं.

"तुला नाही. पाठ करतेय."

"दोनच वाक्यं ना?"

"दोनच आहेत म्हणून तर."

मी आणखी जोरात हाणली. मला त्या वेळी कुणाचा राग येत होता ते धड सांगता येत नाही. आप्पांचा येत होता, बोराटेंचा येत होता, स्वतः एवढा वेळ बसून राहिलेल्या बाईंचाही येत होता. सगळ्यात जास्त त्या टाळ्यांचा.

आम्ही पोचलो तेव्हा पावणेसहा झाले होते. शाळेच्या फाटकाशी केतकी उभी होती, साडी नेसून, शाळेतल्या पोरी निरोप समारंभाला नेसतात तशी, पिना जास्त आणि साडी कमी. तिनं आईकडं पाहिलं, मग आईच्या डोक्याकडं.

"हे काय आहे?"

"सत्कार," बाई म्हणाल्या. "झालं सगळं? संपलं?"

"सुरूच नाही झालं. पाहुणे आले नाहीत."

"कोण पाहुणे?"

केतकीनं साहेबांचं नाव सांगितलं.

मी मोटारसायकल स्टँडवर लावत होतो, ती लावायची राहिली. हॉलच्या दारातले मुख्याध्यापक आमच्याकडं बघून अदबीनं म्हणाले, "या, या, बसा मॅडम. पाच मिनिटांत येतायत साहेब. चिंचणमाळला कुण्या शिक्षकाचा सत्कार आहे, तिथं अडकलेत. ते लोक सोडत नाहीयेत म्हणे."

"हो," बाई म्हणाल्या. "सोडत नाहीत ते लोक."

आत दीडशे पोरं आणि त्यांचे पालक बसले होते. आया एका रांगेत, प्रत्येकीच्या हातात गुलाबाचं फूल, फुलं माना टाकून बसलेली. स्टेजवर आठ खुर्च्या, सात रिकाम्या. आठवीत एक बारीकशा बाई बसल्या होत्या, निळ्या साडीतल्या, मांडीवर पर्स घट्ट धरून. समोर बघत होत्या, पण कुणाकडंच बघत नव्हत्या. त्या तांबोळी बाई, केतकीच्या वर्गशिक्षिका. जूनपासून त्यांची बदली कोकणात कुठंतरी होणार होती, केतकीनं सांगितलं.

घोलप बाई दारातच थांबल्या. मला वाटलं फेटा काढतील. त्या तांबोळी बाईंकडं बघत राहिल्या. एक शिक्षिका दुसऱ्या शिक्षिकेकडं बघते तसं, म्हणजे वर्गातल्या पोराचं पोट दुखतंय हे ते सांगायच्या आधी ओळखतात तसं. मग सरळ मधल्या वाटेनं स्टेजकडं निघाल्या.

"मॅडम," मुख्याध्यापक मागून म्हणाले, "आयांचा कार्यक्रम पाहुण्यांच्या भाषणानंतर आहे."

बाई स्टेजवर चढल्या. माईक त्यांनी घेतला नाही. वर्गात लागतो का माईक.

"तांबोळी बाई, मी केतकीची आई," त्या म्हणाल्या. "ती सकाळी उठते त्याआधी मी दुसऱ्यांच्या मुलांना शिकवायला गेलेली असते. आणि दोन वर्षं तुम्ही तिला रोज मधल्या सुट्टीत विचारलंत, डबा खाल्लास का."

दोन वाक्यं संपली. आयांच्या रांगेत कुणीतरी टाळी वाजवायला हात वर केले, पण बाई उतरल्या नाहीत. त्या जरा पुढं वाकल्या आणि हळू आवाजात म्हणाल्या, तरी शेवटच्या रांगेत मला ऐकू आलं.

"बाई, तुम्ही जेवलात का?"

तांबोळी बाईंनी मुख्याध्यापकांकडं पाहिलं. मग घोलप बाईंच्या डोक्यावरच्या कललेल्या फेट्याकडं पाहिलं. त्यांना एकदम सगळं कळलं असावं.

"नाही," त्या म्हणाल्या. "बारा वाजता तयारीला म्हणून आणून बसवलंय. शुगरची गोळी घेतलीय, वर काही खाल्लं नाही. मघापासून समोरचं सगळं हलतंय, पण कार्यक्रम आहे म्हणून बोलले नाही."

"चला."

"अहो, असं कसं," मुख्याध्यापक स्टेजच्या पायरीवर आडवे आले. "साहेब निघालेत तिकडून. मॅडम, तुमचाच तर कार्यक्रम आहे."

"माझा आहे ना?" तांबोळी बाई पर्स खांद्याला लावत म्हणाल्या. "मग मी जेवून येते."

घोलप बाईंनी त्यांचा हात धरला होता. दोघी पायऱ्या उतरल्या. मुख्याध्यापकांना बाजूला व्हावं लागलं, कारण त्यांच्या शाळेतही बाईमाणसाला हात लावून अडवायची पद्धत नव्हती. तो एकच शिष्टाचार मला त्या दिवशी उपयोगाचा वाटला.

एसटी स्टँडसमोरच्या खानावळीत आम्ही चौघं बसलो. पिठलं, भाकरी, ठेचा. दोन्ही बाई शिक्षक लोक जेवतात तशा जेवल्या, म्हणजे कुठल्याही क्षणी घंटा होईल या हिशोबानं. पहिली भाकरी संपली. मग तांबोळी बाई म्हणाल्या, "केतकी डबा खायची नाही हो. मला हो म्हणायची आणि कुत्र्याला घालायची. मी बघितलंय." केतकी ताटात बघत राहिली. घोलप बाई हसल्या, आणि हसता हसता त्यांनी फेटा काढून बाकावर ठेवला. तेव्हा दिसलं, कपाळावर लाल वळ उठला होता.

साहेब त्या शाळेत साडेसातला पोचले, असं नंतर कळलं. भाषणात म्हणाले, शिक्षकांचं ऋण फिटणारं नसतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आप्पा अंगणात माझी वाट बघत होते. मोटारसायकलीकडं बघून म्हणाले, "गावानं एवढं केलं आन् बाईंनी गावाची इज्जत घालवली. तू पळवून नेलंस त्यांना."

"आप्पा, बाईंना सकाळपासून कुणी चहा तरी विचारला का?"

"सत्कारमूर्तीला कोण चहा विचारतं?" आप्पांना खरंच आश्चर्य वाटलं. "एवढी शाल होती. एवढा नारळ होता."

आई चुलीपुढून म्हणाली, "नारळ फोडून तरी द्यायचा होता."

आप्पा तिच्याशी आठवडाभर बोलले नाहीत. गावानं पुढच्या वर्षी बाईंचा आणखी मोठा सत्कार ठरवला, झालेली चूक भरून काढायला म्हणून. त्यात स्टेजच्या मागच्या बाजूला दोन माणसं उभी करायची होती. पण बाईंनी त्याच्या दोन महिने आधीच तालुक्याजवळची शाळा मागून घेतली. गाव अजून म्हणतं, शिकलेल्या माणसाला प्रेम कळत नाही.

सबब, मी खाली सही करणार हर्षवर्धन जगन्नाथ फडतरे, राहणार चिंचणमाळ, सर्व शाळा, ग्रामपंचायती, मंडळे व पालक संघ यांना नम्रपणे विनंती करतो की, यापुढे कोणत्याही शिक्षकाचे आभार मानावयाचे झाल्यास प्रथम त्यांस पोटभर जेवू घालून वेळेत स्वतःच्या घरी पोचते करण्यात यावे, व त्यानंतरच, त्यांच्या गैरहजेरीत, मांडव, हार, शाली, भाषणे व प्रमुख पाहुणे यांचा कार्यक्रम आपापसात उरकण्यात यावा. तसेच सदर मांडवात एखादा शिक्षक चुकून आढळून आल्यास त्याची कोणतीही चौकशी न करता त्यास तात्काळ सोडून देण्यात यावे, ही विनंती.